चौदा वर्षांनंतरचे घर: रस्टिकोतील एका अकेडियन कुटुंबाची वास्तू

१/
कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यालगत प्रिन्स एडवर्ड आयलंड हे तांबड्या मातीचे बेट आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावरील रस्टिको या गावात एक लहानसे, दीड मजली लाकडी घर जतन केलेले आहे. त्याला कोरीव खांब नाहीत, प्रशस्त दालने नाहीत. तिथे कोणताही तह झाला नाही आणि कोणी राजा मुक्कामाला आला नाही. तरीही त्या प्रांतातील सर्वांत मोलाच्या वास्तूंमध्ये या घराची गणना होते. असे का, हे समजून घेण्यासाठी हा धागा.

२/
हे घर झाँ डुसे यांचे. बांधकामाचा काळ साधारण १७७२ चा मानला जातो. डुसे हे अकेडियन आडनाव आहे. आजच्या नोव्हा स्कॉशियातील पोर्ट-रॉयल परिसरात १६७१ साली झालेल्या जनगणनेतही ते आढळते. म्हणजे हे घर उभे राहिले तेव्हा या नावाच्या कुटुंबांना त्या प्रदेशात येऊन शंभरहून अधिक वर्षे झाली होती. मग घर इतके नवे आणि इतके साधे का? शंभर वर्षांपूर्वीची घरे कुठे गेली? या घराचे मोल याच प्रश्नात दडलेले आहे.

३/
आधी अकेडियन म्हणजे कोण, ते पाहू. १६०५ मध्ये फ्रेंचांनी पोर्ट-रॉयल येथे वसाहत केली. १६३० च्या दशकापासून फ्रान्समधून, विशेषतः त्याच्या पश्चिम भागातून, कुटुंबे येऊन कायमची स्थायिक होऊ लागली. या प्रदेशाला फ्रेंच ‘अकादी’ म्हणत. ही भूमी रिकामी नव्हती. ती मिकमॅक लोकांची होती आणि नव्याने आलेल्या शेतकऱ्यांचा टिकाव त्यांच्याशी असलेल्या व्यापार, सोयरीक व सहकार्याच्या संबंधांमुळेच लागला. अकेडियन वारशाविषयी बोलताना ही पहिली नोंद विसरता येत नाही.

४/
या शेतकऱ्यांनी जंगल तोडण्याऐवजी समुद्राकडून जमीन मिळवली. फंडीच्या उपसागरातील भरती-ओहोटी जगातील सर्वांत मोठी. तिथल्या खाऱ्या दलदलीभोवती त्यांनी मातीचे बांध घातले आणि बांधाखाली लाकडी नळीत एकदिशा झडप बसवली. ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर जाई आणि भरतीला झडप आपोआप मिटून समुद्राचे पाणी अडे. या रचनेला ते ‘आब्वातो’ म्हणत. गोव्यातील खाजण शेतीची ‘मानस’ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही युक्ती लगेच उमगेल. दोनतीन वर्षांत क्षार धुऊन जात आणि जमीन अतिशय सुपीक होई.

५/
त्यांची घरे कशी होती? अनेक वर्षे याचे उत्तर इतिहासाऐवजी काव्याने दिले. अमेरिकन कवी लाँगफेलो यांची ‘इव्हँजेलीन’ ही दीर्घ कविता १८४७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि नॉर्मंडीच्या धाटणीची टुमदार घरे जगाच्या मनात ठसली. लाँगफेलो स्वतः त्या प्रदेशात कधी गेले नव्हते. १९८० च्या दशकात अॅनापोलिस नदीकाठच्या बेलील आणि मेलान्सन येथील वस्त्यांच्या जागी उत्खनन झाले, तेव्हा जमिनीने वेगळी हकिकत सांगितली.

६/
उत्खननात दगडी पायाच्या ओळी, चुलाणे आणि मातीच्या गिलाव्याचे तुकडे सापडले. लाकडी सांगाड्यातील मोकळी जागा चिकणमाती आणि दलदलीतील वाळके गवत एकत्र मळून भरलेली होती. हाताशी असलेली माती, हाताशी असलेले गवत आणि जवळच्या रानातील लाकूड यांतून ही घरे उभी राहत. अॅनापोलिस रॉयल येथील सिंक्लेअर इन या वास्तूत, तिचा मूळ भाग १७१० च्या सुमाराचा आहे, माती आणि गवताची अशी भिंत आजही उघडी ठेवून दाखवली जाते. हद्दपारीच्या आधीची अशी उभी भिंत फारच दुर्मीळ आहे.

७/
ती दुर्मीळ का, याचे कारण राजकारणात आहे. १७१० मध्ये इंग्रजांनी पोर्ट-रॉयल जिंकले आणि १७१३ च्या उट्रेक्टच्या तहाने मुख्य अकेडिया ब्रिटनकडे गेला. अकेडियन लोकांनी १७३० मध्ये ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घेतली, पण फ्रान्स किंवा मिकमॅक यांच्याविरुद्ध शस्त्र उचलावे लागणार नाही, या तोंडी आश्वासनावर. त्यामुळे त्यांना ‘तटस्थ फ्रेंच’ म्हणत. दोन साम्राज्यांच्या मधोमध राहून शेती करणे, एवढीच त्यांची भूमिका होती.

८/
युद्धाची चाहूल लागली आणि ही तटस्थता कोणालाच परवडेनाशी झाली. २८ जुलै १७५५ रोजी हॅलिफॅक्स येथे चार्ल्स लॉरेन्स आणि त्यांच्या मंडळाने हद्दपारीचा निर्णय घेतला. ५ सप्टेंबर १७५५ रोजी ग्राँ-प्रे येथील चर्चमध्ये पुरुष आणि मुलगे अशा ४१८ जणांना बोलावून हुकूम ऐकवण्यात आला. त्यांची जमीन, घरे आणि गुरेढोरे सरकारजमा झाली होती. सोबत नेण्याची मुभा होती ती फक्त रोकड आणि थोड्या घरगुती सामानाची.

९/
हुकूम वाचणारे अधिकारी कर्नल जॉन विन्स्लो रोजनिशी लिहीत असत. माणसे जहाजांवर चढवल्यावर ती परतू नयेत म्हणून गावे जाळण्यात आली. विन्स्लो यांच्या नोंदींत आपल्या विभागात जाळलेल्या इमारतींची यादी आहे: २५५ घरे, २७६ कोठारे, ११ गिरण्या, १ प्रार्थनागृह आणि इतर लहान बांधकामे. कोणाच्या घरात किती माणसे होती, चूल कोणत्या भिंतीला होती, पाळणा कुठे टांगला होता, यांतले काहीही त्या यादीत नाही. प्रत्येक घर तिथे केवळ एक आकडा झाले आहे.

१०/
१७५५ ते १७६३ या काळात दहा हजारांहून अधिक अकेडियन हद्दपार झाले. मॅसॅच्युसेट्सपासून जॉर्जियापर्यंतच्या वसाहती, इंग्लंड, फ्रान्स अशी त्यांची वाताहत झाली. पुढे काही जण लुईझियानात पोहोचले. ग्राँ-प्रे येथील जन्म-विवाहाच्या नोंदवह्यांचा काही भाग विस्थापितांसोबत प्रवास करत लुईझियानात गेला आणि आज तो बॅटन रूज येथे जपलेला आहे. कागद सोबत नेता आला, घर नेता आले नाही. म्हणूनच या समाजाच्या इतिहासात वह्या टिकल्या आणि भिंती गेल्या.

११/
आता पुन्हा बेटाकडे वळू. त्या काळी त्याचे नाव ईल सँ-झाँ होते आणि १७१३ नंतरही ते फ्रान्सकडेच राहिले होते. मुख्य भूमीवरून निसटलेली असंख्य कुटुंबे तिथे आसऱ्याला आली. पण जुलै १७५८ मध्ये लुईबर्गचा किल्ला पडला आणि बेटावरही हद्दपारी आली. सुमारे ३००० लोकांना जहाजांवर चढवून फ्रान्सकडे पाठवण्यात आले. डिसेंबर १७५८ मध्ये ‘ड्यूक विल्यम’ आणि ‘व्हायोलेट’ ही दोन जहाजे अटलांटिकमध्ये बुडाली आणि शेकडो माणसे मेली. उरलेले लोक जंगलात लपले किंवा खाडी ओलांडून पळाले.

१२/
१७६३ च्या पॅरिसच्या तहाने बेटही ब्रिटनचे झाले. १७६४ मध्ये अकेडियन लोकांना काही अटींवर परतण्याची परवानगी मिळाली. निष्ठेची शपथ घ्यायची आणि लहान लहान गटांनी विखरून राहायचे, अशा त्या अटी होत्या. त्याच वर्षी सर्वेक्षक सॅम्युअल हॉलंड बेटाची मोजणी करण्यास आले. बेटावर सुमारे ३० अकेडियन कुटुंबे कैद्यांप्रमाणे राहत असून ती अत्यंत गरीब आहेत आणि बागकाम, मासेमारी व पक्ष्यांची शिकार यांवर गुजराण करतात, असे त्यांनी कळवले.

१३/
डुसे यांचे घर या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. बेटावरची हद्दपारी १७५८ ची आणि हे घर साधारण १७७२ चे. मध्ये चौदा वर्षे. मराठी वाचकाला चौदा वर्षे म्हटले की वनवास आठवणारच. पण या वनवासानंतर सिंहासन राखून ठेवलेले नव्हते आणि वाट पाहणारे नगरही नव्हते. परतलेल्यांची जुनी शेते दुसऱ्यांच्या नावावर झाली होती. रस्टिकोच्या किनाऱ्यावर त्यांना मासळी होती, लाकूड होते आणि नव्याने सुरुवात करण्याची सक्ती होती.

१४/
जमिनीची हकिकत आणखी विलक्षण आहे. हॉलंड यांनी बेटाचे ६७ भाग पाडले. १७६७ मध्ये लंडनमध्ये चिठ्ठ्या टाकून त्यांतील बहुतेक भाग ब्रिटिश सत्तेच्या मर्जीतील लोकांना वाटण्यात आले. यांपैकी अनेक जमीनदारांनी हे बेट कधी डोळ्यांनीही पाहिले नाही. जमीन कसणारे अकेडियन, आणि नंतर आलेले स्कॉट व आयरिश शेतकरीही, या दूरस्थ जमीनदारांची कुळे ठरले. खंड भरा, नाहीतर जागा सोडा. हा प्रश्न शंभरहून अधिक वर्षे धुमसत राहिला आणि १८७५ च्या जमीन खरेदी कायद्यानंतरच तो सुटण्याच्या मार्गाला लागला.

१५/
म्हणून या घराचे मोल केवळ त्याच्या वयात नाही. एकदा सर्वस्व गमावलेल्या समाजातील एका कुटुंबाने, जमिनीवर मालकी नसताना, उद्या पुन्हा उठवले जाणार नाही याची कोणतीही हमी नसताना, कायमच्या वास्तव्यासाठी घर बांधले. तात्पुरत्या निवाऱ्याला झोपडी पुरली असती. तासलेल्या ओंडक्यांचे, पिढ्यान्‌पिढ्या टिकेल असे घर बांधणे हा ‘आम्ही आता इथेच राहणार’ असा निर्णय होता. तो कोणत्याही कागदावर लिहिलेला नाही; तो भिंतींच्या रूपाने उरला आहे.

१६/
बांधकामाची पद्धतही बोलकी आहे. झाडाचे ओंडके कुऱ्हाडीने चौकोनी तासायचे, ते आडवे एकावर एक रचायचे आणि कोपऱ्यांत खाचा पाडून एकमेकांत घट्ट गुंतवायचे. फ्रेंचमध्ये याला ‘प्येस-सुर-प्येस’ म्हणजे तुकड्यावर तुकडा असे नाव आहे. लोखंडी खिळे महाग आणि दुर्मीळ असताना ही रीत सोयीची होती. अशा घरांत फटी बुजवण्यासाठी शेवाळ व माती वापरत आणि वाऱ्यापासून संरक्षणासाठी बर्चच्या सालीचा थर देत. दलदलीतील माती-गवताच्या भिंतींऐवजी आता रानातील ओंडके आले होते. परिस्थिती बदलली तशी घर बांधण्याची रीतही बदलली.

१७/
लाकडाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. ते स्वतःची तारीख सांगू शकते. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते. अनुकूल वर्षी रुंद, कठीण वर्षी अरुंद. जुन्या तुळईतील वलयांचा क्रम त्याच प्रदेशातील ज्ञात क्रमाशी जुळवला आणि सालीलगतचे शेवटचे वलय शाबूत असले, तर ते झाड कोणत्या वर्षी तोडले गेले हे ठरवता येते. न्यू ब्रन्सविकमधील माउंट अॅलिसन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने अटलांटिक प्रांतांतील अनेक जुन्या वास्तूंचा असा अभ्यास केला आहे. कागदपत्रे नसलेल्या समाजासाठी ओंडका हाच दस्तऐवज ठरतो.

१८/
अशी घरे टिकली कशी, हाही विचार करण्याजोगा मुद्दा आहे. ती संग्रहालय म्हणून टिकली नाहीत. त्यांत माणसे राहत होती म्हणून टिकली. राहणाऱ्यांनी ओंडक्यांवर फळ्यांचे आवरण चढवले, खोल्या वाढवल्या, खिडक्या मोठ्या केल्या, चूल काढून शेगडी बसवली. त्यामुळे अनेक जुनी ओंडक्यांची घरे नंतरच्या घरांच्या पोटात दडून राहिली. ‘मूळ रूप बिघडले’ अशी तक्रार आज सहज करता येते, पण त्या बदलांमुळेच घर राहण्यायोग्य राहिले आणि ते पाडण्याची वेळ आली नाही.

१९/
आता या कथेतील सर्वांत कठीण प्रश्न. डुसे यांचे घर आज मूळ जागी नाही. ते जवळच्याच सिंब्रिया भागातील ग्राँ-पेर पॉइंट येथे होते. १९९९ मध्ये ते तिथून हलवून सध्याच्या जागी आणले गेले आणि त्याची डागडुजी झाली. जागतिक वारसा संवर्धनाचा पाया मानल्या जाणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत स्पष्ट म्हटले आहे की वास्तू तिच्या परिसरापासून वेगळी करता येत नाही आणि अपरिहार्य कारणाशिवाय ती हलवू नये. मग हलवलेल्या घराचे वारसामूल्य किती उरते?

२०/
एका बाजूने पाहता नुकसान खरे आहे. घराची दिशा, खाडीवरून येणारा वारा, होडी लावण्याची जागा, पायाखालची माती हेही पुराव्याचेच भाग असतात. घर उचलले की त्या जमिनीतील पुरावा मागे राहतो. पण दुसरी बाजूही आहे. ओंडक्यांचे घर उचलून दुसरीकडे नेणे ही या प्रदेशातील जुनीच रीत आहे. हिवाळ्यात बर्फावरून, बैल-घोडे जुंपून घरे ओढत नेली जात. १९९४ च्या नारा येथील मसुद्याने अस्सलतेचा निकष त्या त्या संस्कृतीच्या संदर्भात ठरवावा असे मान्य केले. त्या निकषाने पाहिले, तर लाकडी घराचे स्थलांतर म्हणजे त्याचा शेवट ठरत नाही.

२१/
घर जिथे आणले गेले ती जागाही अर्थपूर्ण आहे. शेजारी रस्टिकोची शेतकरी बँक, म्हणजे ‘फार्मर्स बँक ऑफ रस्टिको’ची दगडी इमारत उभी आहे. जॉर्ज-आंत्वान बेलकूर हे धर्मगुरू १८५९ मध्ये इथे आले. सावकारी व्याजात अडकलेल्या अकेडियन शेतकऱ्यांसाठी त्यांनी उभारलेली ही बँक १८६४ ते १८९४ पर्यंत चालली. कॅनडातील पतसंस्था चळवळीच्या पूर्वसुरींत तिची गणना होते. जवळच १८३८ चे सेंट ऑगस्टीन चर्च आहे. घर, चर्च आणि बँक या तीन वास्तू एकत्र पाहिल्या की एका समाजाची वाटचाल कळते: आधी निवारा, मग श्रद्धास्थान, मग आर्थिक स्वावलंबन.

२२/
ही वाटचाल पुढे राजकीय जाणिवेपर्यंत गेली. बेटावरील कॅथलिकांना, म्हणजे अकेडियन लोकांनाही, मतदानाचा हक्क १८३० मध्ये मिळाला. १८८१ मध्ये मेमरामकूक येथील अधिवेशनात १५ ऑगस्ट हा अकेडियन राष्ट्रीय दिन ठरला. १८८४ मध्ये याच बेटावरील मिस्कूश येथे त्यांनी स्वतःचा ध्वज आणि गीत स्वीकारले. २००३ च्या राजघोषणेने हद्दपारीचे दुष्परिणाम अधिकृतपणे मान्य केले आणि २८ जुलै हा स्मृतिदिन ठरवला. त्यांना स्वतःचे राज्य कधीच नव्हते. तरी समाज म्हणून ते उरले, कारण कुटुंबे उरली आणि कुटुंबांना घरे होती.

२३/
ग्राँ-प्रे २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. तिथे बांध आहेत, शेते आहेत, १९२२ मध्ये बांधलेले स्मारक-चर्च आहे. पण १७५५ पूर्वीचे एकही अकेडियन घर उभे नाही. तिथले स्मारक जे हरवले त्याचे आहे. रस्टिकोचे घर दुसऱ्या अर्ध्या कथेचा पुरावा आहे. हद्दपारी ही घटना पाठ्यपुस्तकांत येते. परतणे मात्र हळू, विखुरलेले आणि नाट्यहीन असते, म्हणून ते सहसा इतिहासातून गळते. ते दाखवण्यासाठी अशा साध्या घराहून चांगले साधन सापडणे कठीण.

२४/
विन्स्लो यांची यादी जाळणाऱ्यांनी लिहिली. हॉलंड यांचा अहवाल मोजणाऱ्यांनी लिहिला. जमिनीच्या चिठ्ठ्या लंडनमध्ये निघाल्या. या तिन्ही ठिकाणी अकेडियन माणसाविषयी लिहिले गेले, त्याने स्वतः लिहिलेले फारसे काही नाही. डुसे यांच्या घरातील ओंडक्यांवर कुऱ्हाड चालवणारे हात मात्र त्याच समाजाचे होते. दुसऱ्यांच्या कागदांत जो समाज कुटुंबांची संख्या, खंड आणि राखेच्या ढिगांचे आकडे एवढाच उरतो, त्याची स्वतःची बाजू या चार भिंतींत वाचता येते. हेच या घराचे वारसामूल्य.